स्वर्गकल्पनेवरून पडलेली स्थलनामे (महाराष्ट्र)

स्वर्गकल्पनेवरून पडलेली स्थलनामे म्हणजे स्वर्ग, वैकुंठ, कैलास, इंद्रलोक, नंदनवन, बिहिश्त, खुल्द इत्यादी परलोकवाचक शब्दांवरून किंवा त्यांच्याशी निगडित आख्यायिकांवरून गावे, मंदिरे, बागा व अन्य स्थळे यांना मिळालेली नावे होत. महाराष्ट्रात अशी नावे हिंदू, बौद्ध, जैन व इस्लामी अशा सर्व परंपरांतून आली आहेत. त्यांपैकी काही नावे मूळचीच स्वर्गवाचक आहेत. काही मात्र ध्वनिसाम्यामुळे मागाहून स्वर्गाशी जोडली गेली आहेत. वाशीम जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, हे या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. तेथे नावात स्वर्गवाचक शब्द नसूनही नावाची कथा देवांच्या भूतलावरील वस्तीची आहे.

शब्द आणि त्यांचे अर्थ

संस्कृत परंपरेत ‘स्वर्ग’ हा एकच लोक नसून त्याची अनेक स्थाने कल्पिलेली आहेत. इंद्राच्या राजधानीचे नाव अमरावती, तेथील उद्यानाचे नाव नंदन किंवा नंदनवन आणि त्यातील वृक्ष पारिजात, मंदार, कल्पवृक्ष इत्यादी. विष्णूचे स्थान वैकुंठ, शिवाचे कैलास आणि कुबेराची नगरी अलका. बौद्ध परंपरेत त्रायस्त्रिंश व तुषित हे देवलोक येतात. जैन परंपरेत देवलोकांची सविस्तर श्रेणी सांगितलेली असली, तरी मुक्त जीवांचे स्थान त्याही पलीकडची सिद्धशिला मानली जाते.

फार्सी-अरबीतून मराठी मुलखात आलेल्या शब्दांमागची कल्पना प्रामुख्याने बागेची आहे. ‘जन्नत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थच बाग असा आहे. ‘फिर्दौस’ हा शब्द कुंपण घातलेली किंवा तटबंद जागा या अर्थाच्या प्राचीन इराणी शब्दापर्यंत पोहोचतो. तोच शब्द ग्रीकमार्गे युरोपीय भाषांत जाऊन ‘पॅराडाइज’ झाला. ‘बिहिश्त’ (मराठीत बेहश्त, बेहेस्त अशीही रूपे आढळतात) याचा मूळ अर्थ ‘सर्वोत्तम’, तर ‘खुल्द’ म्हणजे शाश्वतता, चिरंतन वास. स्थलनामांतही हा फरक उतरलेला दिसतो. संस्कृत परंपरेतील नावे बहुधा पर्वत, नगरी वा देवस्थान यांना मिळाली. फार्सी नावे बागांना, महालांना आणि कबरींना मिळाली.

वत्सगुल्म (वाशीम)

वाशीम हे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या राजधानीचे ठिकाण होय. या नावाची एक पारंपरिक उपपत्ती अशी : वत्स नावाच्या ऋषीने येथे उग्र तप केले. त्याच्या तपाच्या बळावर देवांचा समूह स्वर्गातून उतरून त्याच्या आश्रमाच्या परिसरात वस्तीस आला. ‘गुल्म’ म्हणजे समूह, म्हणून वत्सासाठी जमलेल्या देवसमूहाचे स्थान ते वत्सगुल्म. स्थानिक माहात्म्यपरंपरेत या क्षेत्री १०८ तीर्थे असल्याचे सांगितले जाते. त्यांपैकी पद्मतीर्थ आजही शहरात प्रसिद्ध आहे.

हीच एकमेव उपपत्ती नव्हे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त वत्सगुल्मकांचा उल्लेख येतो आणि त्यावरील ‘जयमंगला’ टीकेत दक्षिणापथातील वत्स व गुल्म या दोन राजपुत्र भावांच्या वास्तव्यावरून प्रदेशास हे नाव पडल्याचे म्हटले आहे. महाभारताच्या वनपर्वात शोण व नर्मदा यांच्या उगमाजवळच्या ‘वंशगुल्म’ तीर्थाचा निर्देश आहे, परंतु ते स्थान वेगळे असून वाशीमशी त्याचा संबंध जोडता येत नाही. ऋषीची कथा आणि राजपुत्रांची कथा या दोन्ही नावाचा उलगडा करण्यासाठी रचलेल्या दिसतात. तरीही लोकांनी जपली ती ऋषीची, कारण तिच्यामुळे गावातील प्रत्येक कुंडाला आणि देवळाला एकेक देव मिळाला.

वत्सगुल्माचे प्राकृत रूप ‘वच्छोम’ असे होते. संस्कृत ‘त्स’चा प्राकृतात ‘च्छ’ होणे आणि शेवटच्या जोडाक्षरांचा संकोच होणे हे प्राकृतातील नेहमीचे ध्वनिबदल आहेत. वच्छोमपासून पुढे बासीम, वासीम व वाशीम ही रूपे आली. ब्रिटिश अमदानीत ‘बासीम’ हेच रूप कागदोपत्री रूढ होते. त्या काळी बासीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचा भाग शेजारच्या जिल्ह्यांत घालण्यात आला. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन आजचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला.

वत्सगुल्माची साहित्यातील ख्याती स्वर्गकल्पनेच्या आणखी जवळ जाते. राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात सरस्वतीपुत्र काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांची रूपककथा सांगितली आहे. साहित्यविद्या त्याला वश करण्यासाठी देशोदेशी त्याच्यामागून फिरते आणि शेवटी विदर्भातील वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह होतो. या नगराला राजशेखर मदनाचे क्रीडास्थान म्हणतो. काव्यरचनेच्या वैदर्भी रीतीला या नगरावरून ‘वच्छोमी’ असेही नाव मिळाले होते. एखाद्या गावाच्या नावाने काव्यरीती ओळखली जावी, असा मान महाराष्ट्रातील फारच थोड्या ठिकाणांना लाभला आहे.

या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन (इ. स. चौथे शतक) स्वतः कवी होता. त्याने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य रचले. त्याचा विषय होता पारिजातहरण, म्हणजे श्रीकृष्णाने इंद्राच्या स्वर्गातून पारिजात वृक्ष उपटून द्वारकेत आणल्याची कथा. नारदाने आणलेले स्वर्गीय फूल कृष्णाने रुक्मिणीस दिले, त्यामुळे सत्यभामा रुसली आणि तिच्या समजुतीसाठी कृष्णाने प्रत्यक्ष वृक्षच आणला, असा या कथेचा पारंपरिक गाभा आहे. रुक्मिणी ही विदर्भाची राजकन्या. तेव्हा विदर्भाच्या राजाने हा विषय निवडणे स्वाभाविक वाटते. वृक्ष सत्यभामेच्या अंगणात आणि फुलांचा सडा रुक्मिणीच्या दारी, हा कथेचा उत्तरार्ध मराठी घरांत आजही सांगितला जातो. ‘हरिविजय’ आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, भोज, हेमचंद्र आदी साहित्यशास्त्रकारांनी केलेल्या उल्लेखांवरून व घेतलेल्या उताऱ्यांवरूनच त्याची माहिती मिळते.

सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ती दुसरा (विंध्यसेन) याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीम येथे सापडला. वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र राजाच्या ३७व्या राज्यवर्षातील असून त्याची भाषा अंशतः संस्कृत व अंशतः प्राकृत आहे. दान दिलेले गाव नांदीकड, म्हणजे आजच्या नांदेडच्या परिसरातील होते व त्याचे नाव ‘आकासपद्द’ असे दिले आहे. या ताम्रपटामुळे वत्सगुल्म शाखेचे स्वतंत्र अस्तित्व निश्चित झाले. वाकाटकांच्या लेखांचा पद्धतशीर अभ्यास महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केला. त्यांचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा मराठी ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात (पाचव्या शतकाचा उत्तरार्ध) अजिंठ्यातील अनेक लेणी कोरली गेली. त्याचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचे लेणे बौद्ध संघास अर्पण केले. तेथील शिलालेखात लेण्याच्या शोभेची तुलना देवराज इंद्राच्या प्रासादांशी केली आहे. १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत मेघांमधून उतरणारा इंद्र आणि त्याच्यासोबतच्या अप्सरा यांचे प्रसिद्ध चित्र आहे. २ क्रमांकाच्या लेण्यात तुषित स्वर्गातील बोधिसत्त्व रंगवलेला आहे. वत्सगुल्माचे राजवाडे आज शिल्लक नाहीत. त्या दरबाराने स्वर्ग कसा कल्पिला होता हे पाहायचे असेल, तर वाशीमला नव्हे, अजिंठ्यालाच जावे लागते.

जिल्ह्यातील अन्य स्थळे

वाशीम शहरातील बालाजी मंदिर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या सेवेतील भवानी काळू यांनी बांधविले. मंदिराशी संबंधित तलाव देवतलाव म्हणून ओळखला जातो. बालाजी म्हणजे वेंकटेश. वैष्णव परंपरेत वेंकटाद्रीला कलियुगातील वैकुंठ मानतात आणि वाशीमच्या मंदिराला त्याची स्थानिक प्रतिमा म्हणून भाविकांच्या मनात स्थान आहे.

मालेगाव तालुक्यातील शिरपूर (जैन) येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्रसिद्ध मंदिर आहे. मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी राहिली, या श्रद्धेवरून पार्श्वनाथास हे विशेषण मिळाले. अंतरिक्ष म्हणजे स्वर्ग नव्हे, तर पृथ्वी व स्वर्ग यांमधील अवकाश. त्यामुळे काटेकोरपणे पाहता हे नाव या लेखाच्या कक्षेच्या उंबरठ्यावर येते. मूर्तीच्या पूजेच्या अधिकारावरून दिगंबर व श्वेतांबर पंथांत दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालला. अनेक दशके मंदिराचा गाभारा दर्शनासाठी बंद होता, तो २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडण्यात आला.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान ‘बंजारा समाजाची काशी’ म्हणून ओळखले जाते. येथे नावामागे परलोक नसून दुसरे तीर्थक्षेत्र आहे. अशा उपमेने पडलेल्या नावांचा वर्ग वेगळा मानावा लागतो.

अमरावती

वाशीमपासून फार दूर नसलेले अमरावती हे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक स्वर्गनाम वाटते, कारण इंद्राच्या राजधानीचे नेमके हेच नाव आहे. परंतु शहराच्या नावाचे मूळ बहुधा औदुंबराच्या झाडांत आहे. ‘उदुंबरावती’ या नावाचे प्राकृत रूप ‘उंबरावती’ आणि त्यापासून उमरावती व अमरावती, अशी व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे दिली जाते. शहराच्या ग्रामदेवतेचे, अंबादेवीचे नावही त्याच्याशी जोडले जाते. याच देवळातून श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, अशी परंपरा आहे.

या व्युत्पत्तीला एक अनपेक्षित दुजोरा कापसाच्या बाजारातून मिळतो. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाई, तेव्हा तेथील दलाल त्या प्रतीला ‘ऊमरा’ म्हणत. हा शब्द ‘उमरावती’वरूनच आला होता. वऱ्हाडात जुन्या माणसांच्या तोंडीही उमरावती हाच उच्चार असे. म्हणजे बोलणाऱ्यांनी उंबर टिकवला आणि लिहिणाऱ्यांनी अमर केला, असे म्हणता येईल. आंध्र प्रदेशातील अमरावती हे प्राचीन बौद्ध स्तूपामुळे प्रसिद्ध असलेले स्थान याहून वेगळे आहे.

नंदनवन

मराठीत ‘नंदनवन’ हा शब्द विशेषनामापेक्षा बिरुद म्हणून अधिक वापरला जातो. काश्मीर हे ‘पृथ्वीवरील नंदनवन’, महाबळेश्वर हे ‘महाराष्ट्राचे नंदनवन’ आणि अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे ‘विदर्भाचे नंदनवन’ ही बिरुदे पाठ्यपुस्तकांपासून पर्यटन-पत्रकांपर्यंत सर्वत्र आढळतात. नागपुरात नंदनवन नावाची वसाहत आहे आणि राज्यात जवळजवळ प्रत्येक शहरात या नावाची एखादी इमारत वा मंगल कार्यालय सापडते.

चिखलदरा हे सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर वसले आहे. भीमाने कीचकाचा वध करून त्याला येथील दरीत फेकले, म्हणून ‘कीचकदरा’ व त्यावरून चिखलदरा, अशी आख्यायिका आहे. १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने हे ठिकाण युरोपीयांच्या दृष्टीस आणले. पुढे ते वऱ्हाडातील अधिकाऱ्यांचे उन्हाळी मुक्कामाचे स्थान बनले. कॉफीची लागवड होणारे विदर्भातील हे एक वेगळे ठिकाण आहे. वैशाखात अकोला-वाशीमकडील पारा चाळिशीच्या बराच वर गेलेला असताना येथे गारवा असतो आणि बिरुदाचे खरे कारण तेच आहे.

हे बिरुद मैदानातून वर येणाऱ्याच्या दृष्टीने दिलेले आहे. चिखलदरा ज्या मेळघाटात येते, तेथील मूळ रहिवासी प्रामुख्याने कोरकू आहेत. १९९०च्या दशकापासून मेळघाटाचे नाव वृत्तपत्रांत बालमृत्यू व कुपोषण यांच्या संदर्भात सातत्याने येत राहिले आणि या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही चालल्या. एकाच तालुक्यासाठी ‘नंदनवन’ व ‘कुपोषणग्रस्त’ ही दोन विशेषणे मराठीत शेजारीशेजारी वावरतात. पर्यटनविषयक लेखनात यांतील दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो.

कैलास आणि खुल्द : वेरूळचे पठार

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वेरूळ व खुलताबाद ही दोन ठिकाणे एकमेकांपासून काही किलोमीटर अंतरावर आहेत. एकाचे प्रमुख देवालय शिवाच्या स्वर्गीय पर्वताच्या नावाने ओळखले जाते, तर दुसऱ्या गावाच्या नावात इस्लामी परंपरेतील चिरंतन वास आहे. दोन वेगळ्या परंपरांची स्वर्गनामे इतक्या जवळ असल्याचे उदाहरण महाराष्ट्रात बहुधा दुसरे नाही.

वेरूळचे १६ क्रमांकाचे लेणे म्हणजे कैलास मंदिर. ते मुख्यतः राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला (कारकीर्द सुमारे इ. स. ७५६–७७३) याच्या काळातील मानले जाते. हे मंदिर बांधलेले नसून एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले आहे. राष्ट्रकूट कर्क दुसरा याच्या इ. स. ८१२–१३ मधील बडोदे ताम्रपटात एलापूर येथील या मंदिराचे वर्णन आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून विस्मित झाले आणि प्रत्यक्ष निर्मात्यालाही आपण हे कसे घडविले याचे आश्चर्य वाटले, असा त्याचा आशय आहे. मंदिराच्या दक्षिण अंगास रावण कैलास पर्वत हलवीत असल्याचे भव्य शिल्प आहे, म्हणजे कैलासाच्या पोटातच कैलास कोरला आहे. मंदिरावर पांढऱ्या गिलाव्याचे अवशेष आढळतात. हिमाच्छादित पर्वताचा आभास निर्माण करणे हा त्यामागील हेतू असावा, असे मानले जाते.

मध्ययुगीन मराठी परंपरेत मात्र या लेण्याचे नाव ‘माणकेश्वर’ असे येते. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त माणकावती राणीची कथा आहे. राजाच्या आरोग्यासाठी तिने नवस केला होता आणि देवालयाचा कळस दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा तिचा निश्चय होता. कोकस नावाच्या शिल्पीने खडक वरून कोरण्यास आरंभ करून कळस प्रथम घडविला व राणीचा उपवास सोडविला. कथा म्हणून ती मनोहर आहेच, शिवाय खोदकाम वरून खाली झाले हे तांत्रिक सत्यही तिने नेमके जपले आहे.

खुलताबाद (खुल्दाबाद) हे चौदाव्या शतकापासून दख्खनमधील सूफी परंपरेचे केंद्र आहे. मुंतजबुद्दीन जरजरी जरबक्ष, बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृ. १३३७) आणि जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे येथे आहेत. त्या काळात गावाला ‘रौजा’ म्हणत. या अरबी शब्दाचा मूळ अर्थही बागच असून पुढे तो पवित्र व्यक्तीच्या कबरीसाठी रूढ झाला.

मोगल बादशहांना मृत्यूनंतर स्वर्गवाचक उपाधी देण्याची प्रथा होती. बाबर ‘फिर्दौस मकानी’ झाला, हुमायून ‘जन्नत आशियानी’, जहांगीर ‘जन्नत मकानी’ आणि औरंगजेब ‘खुल्द मकान’, म्हणजे चिरंतन स्वर्गात वास करणारा. राजपत्रांत मृत बादशहाचा उल्लेख याच नावाने केला जाई. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ मरण पावला आणि त्याला जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात साध्या, उघड्या कबरीत पुरण्यात आले. ‘खुल्द मकान’ या उपाधीवरून रौजाचे नाव खुल्दाबाद झाले. मराठी उच्चारात ते खुलताबाद असे बदलले. हैदराबादच्या निजाम घराण्याचा संस्थापक पहिला आसफजाह (मृ. १७४८) याची व मलिक अंबर (मृ. १६२६) याचीही कबर येथे आहे. गावातील भद्रा मारुतीचे मंदिर हिंदू भाविकांत प्रसिद्ध असून श्रावणातील शनिवारी व हनुमान जयंतीला तेथे मोठी गर्दी होते.

स्थलनामांच्या दृष्टीने या गावाचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर असे नामांतर २०२३ मध्ये झाले. त्यानंतर २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यात वाद पेटला, तेव्हा खुलताबादचे नाव बदलून ‘रत्नपूर’ करावे, अशी मागणी पुढे आली. समर्थकांच्या मते रत्नपूर हेच गावाचे पूर्वीचे नाव होय. या वादात एक भाषिक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. ‘खुल्द’ हे व्यक्तीचे नाव नाही, पण गावाला ते मिळाले ते एका व्यक्तीच्या मरणोत्तर उपाधीमुळे. त्यामुळे हे नाव स्वर्गवाचक मानायचे की व्यक्तिवाचक, याचे उत्तर शब्दकोश एक देतो आणि इतिहास दुसरे.

हश्त बिहिश्त बाग

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर, नामांतर २०२४) शहराच्या उत्तरेस सावेडी परिसरात निजामशाही काळातील हश्त बिहिश्त बागेचे अवशेष आहेत. ‘हश्त’ म्हणजे आठ. इस्लामी परंपरेत स्वर्गाचे आठ दरवाजे किंवा आठ स्तर मानले जातात. फार्सी काव्यात ही कल्पना लोकप्रिय होती, अमीर खुस्रोच्या एका प्रसिद्ध काव्याचे नावही ‘हश्त बिहिश्त’ आहे. वास्तुकलेत तिचे रूप म्हणजे मध्यवर्ती दालनाभोवती आठ दालने किंवा सरळ अष्टकोनी महाल. नगरच्या बागेत तलावाच्या मधोमध असा अष्टकोनी महाल उभारला होता.

बागेची उभारणी निजामशाहीच्या आरंभकाळात, सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली. सुरुवातीला तिला ‘फैज बक्ष’ म्हणत. हश्त बिहिश्त हे नाव दुसरा निजामशहा बुऱ्हाण याच्या काळात मिळाल्याचे सांगितले जाते. नगर हा पर्जन्यछायेतील प्रदेश आहे. येथे तलाव भरलेला ठेवायचा तर पाणी दुरून आणणे भाग होते. त्यासाठी निजामशाहीत बांधलेल्या खापरी नळांच्या योजना प्रसिद्ध आहेत. शहराभोवतीच्या विहिरी व उगमांचे पाणी भूमिगत नळांतून उताराने किल्ला, महाल, हमामखाने व बागांपर्यंत पोहोचविले जाई. तेव्हा ‘आठ स्वर्ग’ उभे राहिले ते या नळांच्या जोरावर. नळ बुजले तसा तलाव आटला आणि तलाव आटल्यावर महालाच्या नावाला अर्थ उरला नाही. याच परंपरेतील फराहबाग आजही बऱ्या स्थितीत आहे. हश्त बिहिश्तच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. वाढत्या शहराच्या कडेला आज त्याचे भग्न अवशेष तेवढे उरले आहेत.

वैकुंठ

वारकरी परंपरेत पंढरपूरला ‘भूवैकुंठ’ म्हणतात. हे नुसते गौरवपर विशेषण नसून त्यामागे निश्चित विचार आहे. विठ्ठल भक्तासाठी वैकुंठ सोडून विटेवर उभा राहिला, म्हणून तो जेथे आहे तेच वैकुंठ. पंढरी वैकुंठाहूनही आधीची आहे, अशीही संप्रदायाची धारणा आहे. वत्सगुल्माच्या कथेप्रमाणे येथेही माणूस वर जात नाही, देवच खाली येतो. आळंदीला संतवाङ्मयात ‘अलंकापुरी’ म्हटले आहे.

देहू येथील वैकुंठस्थान याच्या उलट दिशेचे आहे. संत तुकाराम येथूनच फाल्गुन वद्य द्वितीयेस (परंपरेनुसार इ. स. १६५०) सदेह वैकुंठास गेले, अशी श्रद्धा आहे. हा दिवस तुकाराम बीज म्हणून पाळला जातो. तेथील नांदुरकीचा वृक्ष त्या दिवशी भर दुपारी हलतो, असे भाविक मानतात व तो क्षण पाहण्यासाठी मोठा समुदाय जमतो.

स्मशानभूमींची नावे

स्वर्गवाचक नावांचा आधुनिक काळातील सर्वांत मोठा उपयोग स्मशानभूमींसाठी झाला आहे. पुण्यात नवी पेठेत मुठा नदीच्या काठी वैकुंठ स्मशानभूमी आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे कैलास स्मशानभूमी आहे. अहिल्यानगर व नाशिक येथे ‘अमरधाम’ हे नाव रूढ आहे, तर नागपुरासह विदर्भात ‘मोक्षधाम’ अधिक आढळते. शास्त्रार्थाने पाहिले तर मोक्ष व स्वर्ग या भिन्न गोष्टी आहेत, कारण पुण्य सरल्यावर स्वर्गातून परतावे लागते, मोक्षातून नाही. नगरपालिकांच्या फलकांवर हा भेद उरत नाही. अंत्ययात्रेच्या वाहनालाही ‘स्वर्गरथ’ किंवा ‘वैकुंठरथ’ म्हणतात. गावाकडे जुने लोक अजूनही ‘मसणवटा’ हाच शब्द वापरतात.

ध्वनिसाम्यावरून आलेला भ्रम

पुण्यातील स्वारगेट हे नाव बाहेरच्यांना, विशेषतः इंग्रजी लिपीतील पाटी वाचणाऱ्यांना, स्वर्गाशी संबंधित वाटते. ‘स्वर्गाचे दार’ असा त्याचा विनोदी अर्थ पुणेकरही सांगतात. नावाचा संबंध स्वारांशी, म्हणजे घोडेस्वारांच्या नाक्याशी, जोडला जातो. शहराचे सर्वांत गजबजलेले एसटी स्थानक याच ठिकाणी आहे.